एक्सायटॉन संघनन, द्विमितीय अर्धसंवाहकांतील

एक्सायटॉन संघनन : अर्धसंवाहक पदार्थातील ऋण विद्युत् भारित इलेक्ट्रॉन आणि धन विद्युत् भाराप्रमाणे वागणारी पोकळी यांच्या परस्पर आकर्षणाने बनणाऱ्या युग्मास ‘एक्सायटॉन’ म्हणतात. अशी असंख्य युग्मे पुरेशा नीच तापमानास व पुरेशा घनतेस एकाच पुंजस्थितीत गोळा होतात आणि सर्व मिळून एकाच तरंगाप्रमाणे वागू लागतात. या आविष्कारास एक्सायटॉन संघनन अशी संज्ञा आहे. ही कल्पना १९६२ मध्ये मांडली गेली. तिचे गणित अवघड नव्हते व अपेक्षित तापमानही प्रयोगशाळेच्या आवाक्यातील होते. तरीही तिला खात्रीलायक प्रायोगिक आधार मिळण्यास सु. चार दशके लागली व तो आधार अपेक्षेहून वेगळ्याच ठिकाणी मिळाला. मधल्या काळात पुढे आलेल्या अनेक दाव्यांपैकी काही अधिक काटेकोर मोजमापांपुढे टिकले नाहीत. म्हणून या विषयाचा इतिहास म्हणजे एका आविष्काराच्या शोधाचा जसा, तसाच ‘पुरावा कशास म्हणावे’ या प्रश्नाचाही इतिहास आहे.

एक्सायटॉनाची कल्पना : अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असणाऱ्या ऊर्जा पट्टांच्या रूपात असतात. खालचा संयुजा पट्ट भरलेला व वरचा संवहन पट्ट रिकामा असून दोहोंमध्ये निषिद्ध ऊर्जेचे अंतर असते. प्रकाशाचे शोषण होऊन एखादा इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात गेला म्हणजे खालच्या पट्टात एक रिकामी जागा उरते. शेजारचे इलेक्ट्रॉन या जागेत सरकत राहिल्याने ती स्वतःच धन विद्युत् भारित कणाप्रमाणे फिरते. तिलाच पोकळी म्हणतात [⟶ अर्धसंवाहक]. इलेक्ट्रॉन व पोकळी एकमेकांभोवती बद्ध राहिल्यास हायड्रोजन अणूसारखी रचना तयार होते. मात्र तिला हायड्रोजनाचे स्थैर्य नसते. इलेक्ट्रॉन पोकळीत परत पडला की, युग्म नष्ट होते व त्याची ऊर्जा बहुधा प्रकाशरूपाने बाहेर पडते.

रशियन शास्त्रज्ञ याकॉव्ह फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये ही कल्पना प्रथम मांडली. घन पदार्थात शोषिलेला प्रकाश उष्णतेत कसा बदलतो, या प्रश्नाचा विचार करताना विद्युत् भार वाहून न नेता एका अणूकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या उत्तेजनाची त्यांना गरज भासली. एक्सायटॉन हे नावही त्यांचेच. १९३७ मध्ये ग्रेगरी व्हान्ये यांनी अनेक अणूंवर पसरलेल्या, मोठ्या त्रिज्येच्या एक्सायटॉनाचा सिद्धांत मांडला. अर्धसंवाहकांत बहुशः हाच प्रकार आढळतो व त्यास व्हान्ये-मॉट एक्सायटॉन म्हणतात. स्फटिकातील इतर इलेक्ट्रॉनांमुळे युग्मातील आकर्षण क्षीण झालेले असते. हायड्रोजनातील इलेक्ट्रॉन सोडविण्यास १३·६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, तर गॅलियम आर्सेनाइडातील एक्सायटॉन तोडण्यास सु. ४ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. सामान्य तापमानास औष्णिक ऊर्जा सु. २५ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने असे एक्सायटॉन नीच तापमानासच टिकतात. १९५२ मध्ये लेनिनग्राड येथे ई. एफ्. ग्रॉस व एन्. ए. कार्येव्ह यांना क्युप्रस ऑक्साइडाच्या शोषण वर्णपटात हायड्रोजनाच्या रेषांसारखी क्रमवार रेषामालिका दिसली आणि एक्सायटॉनाचे अस्तित्व सिद्ध झाले.

संघननाची पार्श्वभूमी : डाक्का विद्यापीठात अध्यापन करणारे सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांच्या गणनेची नवी रीत मांडून प्लांक यांचा प्रारण नियम सिद्ध केला. हा निबंध त्यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे पाठविला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला व १९२४-२५ मध्ये तीच रीत वस्तुकणांच्या वायूस लावली. विशिष्ट तापमानाखाली अशा वायूतील कणांचा मोठा भाग किमान ऊर्जेच्या एकाच स्थितीत साचेल, असे त्यांना आढळले. यालाच बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणतात. ज्यांचे परिवलन पूर्णांकी असते अशा, म्हणजे बोसॉन वर्गातील कणांनाच हा नियम लागू पडतो. इलेक्ट्रॉन व पोकळी हे दोन्ही फेर्मिऑन वर्गातील आहेत, परंतु त्यांचे युग्म पुरेशा विरळ अवस्थेत बोसॉनाप्रमाणे वागते.

१९३८ मध्ये द्रव हीलियमाची अतिप्रवाहिता आढळून आल्यावर फ्रिट्‌स लंडन यांनी तिचा संबंध या संघननाशी जोडला. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर व श्रिफर यांनी धातूंची अतिसंवाहकता इलेक्ट्रॉनांच्या युग्मांवरून स्पष्ट केली [⟶ अतिसंवाहकता]. इलेक्ट्रॉनांची युग्मे संघनित होत असतील, तर इलेक्ट्रॉन-पोकळी युग्मे का होऊ नयेत, हा प्रश्न मग ओघानेच आला.

संघननाचे भाकित : १९६२ मध्ये किशिनेव्ह येथील एस्. ए. मॉस्कालेंको यांनी, तसेच स्वतंत्रपणे जे. एम्. ब्लॅट, के. डब्ल्यू. बोअर व डब्ल्यू. ब्रँट यांनी एक्सायटॉनांचे बोस-आइन्स्टाइन संघनन शक्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा मुख्य आधार एक्सायटॉनाचे अल्प वस्तुमान हा होता. संघननाचे तापमान कणाच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. एक्सायटॉनाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाच्या आसपास असते, तर रुबिडियमाच्या अणूचे त्याच्या सु. १,६०,००० पट असते. रुबिडियमाच्या विरळ वायूचे संघनन १९९५ मध्ये एरिक कॉर्नेल व कार्ल वायमन यांनी साध्य केले, तेव्हा तो वायू निरपेक्ष शून्याच्या वर एक केल्विनाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास थंड करावा लागला. एक्सायटॉनांसाठी मात्र काही केल्विन तापमान पुरेल, असे गणित होते.

याच सुमारास दुसरी एक दिशाही पुढे आली. निषिद्ध ऊर्जेचे अंतर फार लहान असून एक्सायटॉनाची बंधन ऊर्जा त्याहून जास्त असल्यास, प्रकाशाच्या साहाय्याशिवायच युग्मे आपोआप तयार होतील व पदार्थाची मूळ स्थितीच बदलेल, असा तो विचार होता. एल्. व्ही. केल्डिश व यू. व्ही. कोपायेव्ह यांनी १९६४ च्या सुमारास व डी. जेरोम, टी. एम्. राइस व वॉल्टर कोन यांनी १९६७ मध्ये या अवस्थेचा सिद्धांत मांडला. तिला ‘एक्सायटॉनी निरोधक’ असे नाव मिळाले. १९६८ मध्ये केल्डिश व ए. एन्. कोझलॉव्ह यांनी विरळ अवस्थेतील बोस संघनन आणि दाट अवस्थेतील अतिसंवाहकतेसारखे युग्मन ही एकाच आविष्काराची दोन टोके असल्याचे दाखविले.

प्रारंभीचे प्रयोग : प्रयोगांस आरंभ होताच एक मोठी अडचण लक्षात आली. घनता वाढविली की, एक्सायटॉन संघनित होण्याऐवजी कित्येकदा वेगळेच काही होऊन बसतात. १९६६ मध्ये जे. आर. हेन्स यांना थंड सिलिकॉनाच्या उत्सर्जनात एक नवी रेषा आढळली व ती दोन एक्सायटॉनांच्या रेणूची असावी, असा त्यांनी अर्थ लावला. १९६८ मध्ये केल्डिश यांनी निराळे मत मांडले. त्यांच्या मते युग्मे विघटित होऊन इलेक्ट्रॉन व पोकळ्यांचा धातूसारखा द्रव बनतो व तो थेंबांच्या रूपाने स्फटिकात तरंगतो. पुढील प्रयोगांत जर्मेनियम व सिलिकॉन यांत हे थेंब खरोखरच सापडले. जर्मेनियमात त्यांची घनता दर घन सेंमी.स सु. २० कोटी कोटी कोटींच्या एक लक्षांशाइतकी, म्हणजे सु. दोन लाख लाख कोटी युग्मे एवढी असते. १९७५ मध्ये बर्कली येथे जे. पी. वुल्फ, सी. डी. जेफ्रीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताण दिलेल्या जर्मेनियमातील एका मोठ्या थेंबाचे छायाचित्रच प्रसिद्ध केले. या द्रवाच्या बंधन ऊर्जेचे गणित डब्ल्यू. एफ्. ब्रिंकमन व टी. एम्. राइस, एम्. काँबेस्को व पी. नोझ्येअर यांनी केले. त्यातच भारतीय भौतिकीविज्ञ के. एस्. सिंगवी व त्यांच्या सहकाऱ्यांचाही महत्त्वाचा वाटा आहे. आविष्कार मनोवेधक होता. तथापि तो संघननाचा नव्हे, तर सामान्य द्रवीभवनाचा होता.

क्युप्रस ऑक्साइडात असा द्रव बनत नाही. शिवाय त्यातील एका प्रकारच्या एक्सायटॉनाचे प्रकाश उत्सर्जनाने होणारे विघटन जवळजवळ निषिद्ध असल्याने तो इतरांच्या मानाने दीर्घायुषी असतो. म्हणून १९८० नंतर ए. मिझिरोविच, डी. डब्ल्यू. स्नोक, जे. पी. वुल्फ इत्यादींनी या स्फटिकावर लक्ष केंद्रित केले. उत्सर्जित प्रकाशाच्या रेषेचा आकार बोस यांच्या वितरणाशी जुळतो, घनता वाढविल्यास तो संघननाच्या सीमारेषेलगत सरकतो, असे या प्रयोगांत दिसले व १९९० च्या सुमारास संघनन साधल्याचा निष्कर्षही काढला गेला. परंतु घनतेचा अंदाज रेषेच्या आकारावरूनच केलेला होता. पुढे वुल्फ यांच्याच गटाने प्रत्यक्ष किती प्रकाश बाहेर पडतो, हे मोजून एक्सायटॉनांची संख्या ठरविली, तेव्हा घनता अपेक्षेहून पुष्कळच कमी भरली. दोन एक्सायटॉनांची टक्कर होऊन एक नष्ट होतो व त्याची ऊर्जा दुसऱ्यास मिळते, या क्रियेने घनतेस मर्यादा पडते व वायू तापतो, असे स्पष्ट झाले. ज्या प्रयोगशाळेतून दावा पुढे आला, तिनेच तो तपासून मागे घ्यावा, ही घटना या विषयाच्या विश्वासार्हतेस पोषकच ठरली. याच स्फटिकात एका केल्विनाहून खूपच कमी तापमानास संघनन दिसल्याचे टोकिओ येथील एम्. कुवाता-गोनोकामी यांच्या गटाने २०२२ मध्ये जाहीर केले.

द्विमितीचा प्रश्न : वरील प्रयोग त्रिमितीय स्फटिकांतील होते. इलेक्ट्रॉन व पोकळ्या एका पातळ थरातच कोंडल्यास त्यांची हालचाल द्विमितीय होते. अशा थरात युग्माचे बंधन अधिक दृढ होते, हा लाभ असला तरी तत्त्वतः एक हरकत होती. १९६६-६७ मध्ये एन्. डी. मर्मिन, एच्. व्हाग्नर व पी. सी. होहेनबर्ग यांनी असे सिद्ध केले की, अमर्याद विस्ताराच्या द्विमितीय प्रणालीत शून्याहून अधिक तापमानास खरे बोस-आइन्स्टाइन संघनन होऊ शकत नाही. औष्णिक आंदोलने दूरवरच्या बिंदूंमधील तरंगांची कलासंगती नष्ट करतात.

या अडचणीतून मार्ग १९७१ ते १९७३ या काळात व्ही. एल्. बेरेझिन्स्की आणि जे. एम्. कॉस्टरलिट्झ व डी. जे. थाउलेस यांनी दाखविला. कलासंगती अंतराबरोबर अगदी मंद गतीने घटत असली, तरी प्रणाली अतिप्रवाही राहू शकते. परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे भोवरे नीच तापमानास जोडीजोडीने बद्ध असतात आणि विशिष्ट तापमानास ते सुटे झाले की, अतिप्रवाहिता एकाएकी नाहीशी होते. या कार्याबद्दल कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांना डी. हॉल्डेन यांच्यासमवेत २०१६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून द्विमितीय अर्धसंवाहकांच्या संदर्भात ‘संघनन’ हा शब्द या व्यापक अर्थाने, म्हणजे अतिप्रवाहिता व दूरवर टिकणारी कलासंगती या अर्थाने वापरला जातो.

दोन थरांची योजना : एक्सायटॉनाचे अल्पायुष्य हा दुसरा अडसर होता. गॅलियम आर्सेनाइडातील एक्सायटॉन एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या आसपासच नष्ट होतो. तेवढ्या अवधीत तो थंडही होऊ शकत नाही. १९७५-७६ मध्ये यू. ई. लोझोविक व व्ही. आय्. युडसन यांनी, तसेच एस्. आय्. शेव्हचेंको यांनी यावर एक उपाय सुचविला. इलेक्ट्रॉन एका थरात व पोकळी दुसऱ्या थरात ठेवून मध्ये निरोधकाचा पातळ पडदा घालावा. पडद्यातून विद्युत् आकर्षण पोचते, त्यामुळे युग्म बनते. इलेक्ट्रॉन मात्र पडदा ओलांडून पोकळीत सहजासहजी पडू शकत नाही, त्यामुळे युग्म टिकते. शिवाय सर्व युग्मांचे द्विध्रुव एकाच दिशेस असल्याने ती एकमेकांस दूर लोटतात व थेंब बनण्याचे टळते. या योजनेत आणखी एक अर्थ गर्भित होता. युग्म एका दिशेने सरकले म्हणजे दोन थरांत परस्परविरुद्ध दिशांनी सारखेच विद्युत् प्रवाह वाहतात. म्हणून थरांना वेगवेगळे अग्र जोडून युग्मांचा प्रवाह विद्युत् मापकाने मोजता येतो.

अणूंच्या शलाकांनी स्फटिकाचे थर रचण्याचे तंत्र प्रगत झाल्यावर गॅलियम आर्सेनाइड व ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड यांचे असे जोड-थर तयार करता येऊ लागले. २००२ मध्ये एल्. व्ही. बुतॉव्ह, ए. सी. गॉसर्ड व डी. एस्. केम्ला यांनी एक विलक्षण दृश्य प्रसिद्ध केले. लेसर शलाका एका बिंदूवर टाकली असता तेथून बऱ्याच अंतरावर प्रकाशाचे एक वलय उमटले आणि नीच तापमानास ते मण्यांच्या माळेप्रमाणे समान अंतरावरील ठिपक्यांत विभागले गेले. असेच वलय स्नोक व त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याच वर्षी वर्णिले. हे संघननाचे लक्षण असावे, असे प्रथमदर्शनी वाटणे साहजिक होते. तथापि २००४ मध्ये बुतॉव्ह व स्नोक या दोघांच्याही गटांनी दाखवून दिले की, बाहेरचे वलय ही केवळ इलेक्ट्रॉनबहुल व पोकळीबहुल प्रदेशांमधील सीमारेषा असून तिच्या उत्पत्तीस संघननाची गरज नाही. मण्यांतील प्रकाशाच्या कलासंगतीचा अभ्यास मात्र चालू राहिला व ती नीच तापमानास अपेक्षेपेक्षा बऱ्याच दूरवर टिकते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळले.

पुंजकीय हॉल अवस्थेतील पुरावा : सर्वांत भक्कम पुरावा ज्या प्रणालीत मिळाला, तिच्यात रूढ अर्थाने पोकळ्याही नव्हत्या व प्रकाशही नव्हता. दोन्ही थरांत इलेक्ट्रॉनच भरून थरांना लंब दिशेने प्रबल चुंबकीय क्षेत्र लावले असता इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा ठराविक पातळ्यांत विभागल्या जातात. प्रत्येक थरातील सर्वांत खालची पातळी निम्मीच भरेल, असे क्षेत्र निवडता येते. निम्मी भरलेली पातळी ही निम्मी रिकामीही असते. म्हणून एका थरातील इलेक्ट्रॉन व दुसऱ्या थरातील रिकाम्या जागा यांची युग्मे कल्पिता येतात. ही युग्मे प्रणालीच्या मूळ स्थितीतच असल्याने ती नष्ट होण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील आय्. बी. स्पीलमन व जे. पी. आयझेनस्टाइन यांनी बेल प्रयोगशाळेतील एल्. एन्. फायफर व के. डब्ल्यू. वेस्ट यांनी बनविलेल्या स्फटिकांवर प्रयोग केले. थर पुरेसे जवळ असता एका थरातून दुसऱ्यात होणारे इलेक्ट्रॉनांचे संक्रमण शून्य दाबाशी प्रचंड वाढते, असे त्यांना २००० मध्ये आढळले. प्रत्येक इलेक्ट्रॉनासमोर दुसऱ्या थरात रिकामी जागा आधीच ‘राखलेली’ असल्याचे ते चिन्ह होते. २००४ मध्ये याच गटाने, तसेच प्रिन्स्टन येथील ई. टुटुक, एम्. शायेगन व डी. ए. ह्यूस यांनी दोन थरांतून विरुद्ध दिशांनी सारखे प्रवाह सोडले. चुंबकीय क्षेत्रात विद्युत् भारांवर आडवी प्रेरणा कार्य करते व हॉल दाब निर्माण होतो. येथे मात्र तो दाब नीच तापमानास जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ प्रवाह वाहून नेणारे कण विद्युत् दृष्ट्या उदासीन होते, म्हणजे ती युग्मे होती. २०१२ मध्ये आयझेनस्टाइन यांच्या गटाने वलयाकृती नमुन्यात एका थरात सोडलेल्या प्रवाहामुळे दुसऱ्या थरात जवळजवळ तेवढाच प्रवाह आपोआप वाहत असल्याचे दाखविले. हे सर्व प्रयोग केल्विनाच्या अल्पांशाइतक्या तापमानास करावे लागले. शिवाय विरुद्ध प्रवाहांचा रोध तापमानाबरोबर घटत गेला, तरी मोजता येण्याजोग्या तापमानास तो पूर्णपणे शून्य झाला नाही. नमुन्यातील अशुद्धींमुळे सुटे राहिलेले भोवरे हे याचे संभाव्य कारण मानले जाते.

पोलॅरिटॉन : आरशांमधील पोकळीत अर्धसंवाहकाचा पातळ थर ठेवल्यास एक्सायटॉन व प्रकाश यांच्या संयोगाने ‘पोलॅरिटॉन’ नावाचा मिश्र कण बनतो. सी. वाइसबुख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तो प्रथम दाखविला. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या दहा-सहस्रांशाहूनही कमी असल्याने तो पुष्कळ उच्च तापमानास संघनित होऊ शकतो. २००६ मध्ये जे. कास्प्रझाक इ. शास्त्रज्ञांनी कॅडमियम टेल्युराइडाच्या रचनेत सु. १९ केल्विन तापमानास असे संघनन दाखविले. मात्र पोलॅरिटॉन सेकंदाच्या लक्ष कोटीव्या भागाच्या आसपास टिकतात व त्यांचा सतत भरणा करावा लागतो. ही समतोलाची अवस्था नसल्याने तिला लेसरापासून वेगळे कसे ओळखावे, याविषयी बराच ऊहापोह झाला.

अणुजाडीचे थर : २००४ मध्ये ए. गाइम व के. नोव्होसेलॉव्ह यांनी ग्रॅफीन हा कार्बनाचा एका अणूइतक्या जाडीचा थर वेगळा केला, तेव्हापासून या विषयास नवी दिशा लाभली. २०१० मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडाचा एकच थर प्रकाशाचे चांगले उत्सर्जन करतो, असे दिसून आले. मॉलिब्डेनम वा टंगस्टन यांची गंधक वा सिलिनियम यांबरोबरची ही संयुगे खरे द्विमितीय अर्धसंवाहक होत. त्यांत विद्युत् क्षेत्ररेषांचा बराच भाग थराबाहेरून जात असल्याने आकर्षण क्षीण होत नाही. टंगस्टन डायसल्फाइडाच्या एका थरातील एक्सायटॉनाची बंधन ऊर्जा २०१४ मध्ये सु. ०·३२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे गॅलियम आर्सेनाइडातील मूल्याच्या कित्येक पटींनी अधिक भरली. असा एक्सायटॉन सामान्य तापमानासही टिकतो.

लोझोविक व युडसन यांची जुनी योजना आता नव्या द्रव्यांत साकार होऊ लागली. २०१४ मध्ये एम्. एम्. फॉगलर, बुतॉव्ह व नोव्होसेलॉव्ह यांनी अशा थरांच्या रचनेत उच्च तापमानास अतिप्रवाहिता संभवते, असे भाकित केले. दोन थरांतील पडदा म्हणून षट्‌कोणी बोरॉन नायट्राइडाचे दोन-तीन अणुस्तर पुरतात. जपानमधील त्सुकुबा येथील टी. तानिगुची व के. वातानाबे यांनी वाढविलेले या द्रव्याचे अतिशुद्ध स्फटिक जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात. २०१७ मध्ये कोलंबिया व हार्व्हर्ड येथील गटांनी ग्रॅफिनाच्या जोड-थरांत पुंजकीय हॉल अवस्थेतील एक्सायटॉन संघनन पूर्वीपेक्षा अधिक तापमानास साधले. २०१९ मध्ये किन फाय माक, जिए शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम डायसेलेनाइड व टंगस्टन डायसेलेनाइड यांच्या जोडीवर चुंबकीय क्षेत्राविना प्रयोग केला. विद्युत् दाबाने निर्माण केलेल्या युग्मांच्या उत्सर्जनास घनतेची विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावर एकाएकी बहर येतो, दोन थरांतील इलेक्ट्रॉन व पोकळ्यांची संख्या समान असता ते सर्वाधिक असते आणि ही लक्षणे सु. १०० केल्विनापर्यंत टिकतात, असे त्यांनी नोंदविले. २०२१ मध्ये त्याच प्रकारच्या जोड-थरांत त्यांनी विद्युत् धारितेच्या मोजमापाने एक्सायटॉनी निरोधकाची अवस्था दाखविली. युग्मांची संख्या सहज बदलता येते, परंतु सुट्या विद्युत् भाराची भर घालता येत नाही, हे तिचे लक्षण होय. त्यानंतर एका थरातील प्रवाहामुळे दुसऱ्यात तितकाच प्रवाह वाहण्याचा आविष्कारही चुंबकीय क्षेत्राविना आढळून आला.

पुराव्याचे स्वरूप : येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. दोन थरांतील प्रवाह समान असणे, यावरून इलेक्ट्रॉन व पोकळी बद्ध असल्याचे सिद्ध होते. ती युग्मे संघनित झाल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही. सामान्य वायूतील हायड्रोजनाचे अणूही बद्धच असतात. तसेच उत्सर्जित प्रकाश एकाएकी वाढणे, ही गोष्ट संघननाशी सुसंगत असली तरी इतर कारणांनीही घडू शकते. संघननाची खरी कसोटी दोन गोष्टींत आहे : घर्षणाविना वाहणारा युग्मांचा प्रवाह आणि दूरच्या बिंदूंमधील प्रत्यक्ष मोजलेली कलासंगती. चुंबकीय क्षेत्राविना असणाऱ्या, समतोल अवस्थेतील द्विमितीय अर्धसंवाहकांत या दोन्ही कसोट्या एकाच नमुन्यावर एकत्र उतरणे, हे या संशोधनाचे उरलेले मुख्य कार्य होय. सिलिकॉनातील रेषा, क्युप्रस ऑक्साइडातील वितरण व जोड-थरांतील वलय या तिन्ही प्रसंगी निरीक्षण अचूकच होते. बदलला तो त्यांचा अर्थ. पहिल्या प्रसंगी नव्या सिद्धांतामुळे व पुढच्या दोहोंत निरीक्षकांनीच केलेल्या फेरतपासणीमुळे तो बदलला.

महत्त्व : एक्सायटॉन संघननाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष लागून राहण्याची कारणे सैद्धांतिक व व्यावहारिक अशी दोन्ही आहेत. ज्यात घनता, तापमान, थरांतील अंतर व आकर्षणाचे बल हे सर्व हवे तसे ठेवता येते, अशी दुसरी संघनित प्रणाली विरळाच. त्यामुळे बोस संघननापासून अतिसंवाहकतेसारख्या युग्मनापर्यंतचा केल्डिश व कोझलॉव्ह यांनी वर्तविलेला सलग प्रवास एकाच नमुन्यात तपासता येतो. ग्रॅफिनाच्या जोड-थरांत तो २०२२ मध्ये प्रत्यक्ष दाखविण्यातही आला. व्यवहारात, ऊर्जेच्या व्ययाविना चालणारी विद्युत् मंडले विरुद्ध प्रवाहांच्या जोड-थरांतून बनविता येतील, अशी आशा आहे. ती सफल होण्यासाठी संघननाचे तापमान वाढले पाहिजे. दर चौ. सेंमी.स एक लाख कोटी युग्मे असल्यास पुंजगुणधर्म काही दशक केल्विनाच्या तापमानास प्रभावी होऊ लागतात. घनता वाढविल्यास हे तापमान वाढते, परंतु फार वाढविल्यास युग्मेच एकमेकांत मिसळून तुटतात. या दोन मर्यादांमधील पट्टा अणुजाडीच्या द्रव्यांत सर्वांत रुंद आहे. बोस यांनी प्रकाशकणांसाठी शोधलेली गणनेची रीत प्रकाशानेच निर्माण होणाऱ्या या क्षणभंगुर युग्मांना लागू पडते की नाही, हा १९६२ चा प्रश्न आता तत्त्वाचा उरला नसून द्रव्य, तापमान व मोजमापाच्या काटेकोरपणाचा झाला आहे.